मर लागलेल्या वावरातली तूर

फार पूर्वी एका राज्यात तुरीवर मर नावाचा रोग पडू लागला. शेंगा धरायच्या वेळेला भरलं झाड उभ्याउभ्या वाळायचं. खोड चिरलं की आत काळी रेघ. रोग मातीतच मुरलेला, त्यामुळे करावं काय ते कुणाला सुचेना.

भिवरा नावाच्या शेतकरीण बाईच्या वावरात एका वर्षी फक्त पाच झाडं हिरवी राहिली. तिने त्यांच्याच शेंगा वेगळ्या राखल्या आणि पुढच्या मृगात ते बी पुन्हा त्याच रोगट वावरात पेरलं.

"चांगली जमीन सोडून इथं का गं पेरतेस?" जाऊबाई म्हणाल्या.

"बाई, इथं जे तगेल ते कुठंही तगेल."

मेलेलं उपटायचं, तगलेलं राखायचं. असं तिने नऊ वर्षं केलं. नवव्या वर्षी एकही झाड वाळलं नाही.

टोपलीभर बी घेऊन ती राजाच्या बियाण्याच्या कोठारावरच्या अधिकाऱ्याकडे गेली. त्याने दाणा चिमटीत धरून नाक मुरडलं. "एवढासा दाणा? आमचं बी बघ, कसं टपोरं आहे!" त्याने दोन्ही बियाणी राजवाड्याच्या बागेत पेरली. तिथे रोग कधी शिरलाच नव्हता. टपोऱ्या बियाण्याला जास्त तूर आली.

"तुझं बी हरलं," तो म्हणाला.

भिवराच्या अंगाचा तिळपापड झाला. "जिथं रोगच नाही, तिथं रोगाची परीक्षा कसली घेता? माझ्या वावरात पेरून दाखवा!"

"मला शिकवू नकोस."

कोठाराचा शिक्का मारून राज्यभर टपोरं बी वाटलं गेलं. पौषापर्यंत गावोगावची तूर वाळून गेली. पोरं नुसत्या मिठाशी भाकरी खाऊ लागली.

तेव्हा तोच अधिकारी गाडी घेऊन भिवराच्या दारात आला. "सगळं बी दे. वर कोठाराचा शिक्का मारू. कुणाचं ते बोलायचं नाही. तुला सोन्याचं कडं देतो."

"एका शिक्क्याखाली मारणारं आणि तारणारं दोन्ही बी गेलं, तर लोकांनी ओळखायचं कसं?" भिवरा कडाडली. "तुमची चूक झाकायला मी बी नाही राखलं!"

तिने गाडी रिकामी परत पाठवली. गावोगावच्या बायकांना अंगणात बोलावून तिने ओंजळ ओंजळ बी वाटलं आणि ते राखायचं कसं हेही शिकवलं.

गोष्ट राजापर्यंत गेली. त्याच्या हुकमावरून अधिकाऱ्याला टपोरं बी भिवराच्या वावरात स्वतःच्या हाताने पेरावं लागलं. शेंगा धरायच्या आत सगळं वाळलं. राजाने त्याला कोठारावरून काढलं आणि भिवराला मानाची शाल देऊ केली.

भिवराने हात पुढे केला नाही. "महाराज, शाल राहू द्या. आमच्या पोरांचं वर्ष उपाशी गेलं, ते कोण भरून देणार?"

राजाची मान खाली गेली. त्या सालापासून मर लागलेल्या वावरात तगल्याशिवाय एकही बी कोठारातून बाहेर पडलं नाही.

तात्पर्य: संकटासाठी घडवलेल्या गोष्टीची पारख संकटातच करावी, सोयीच्या जागी परीक्षा घेणाऱ्याची चूक इतरांना भोगावी लागते.