डाव्या मुठीतलं तेल

"ह्यात जीवनसत्त्वं किती, ते सांगा आधी."

हेमांगीने दारातूनच विचारलं. बसली नाही, पुढे केलेलं पाणीही घेतलं नाही.

भामाकाकी चुलीपाशी होती. कोकमाच्या बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळून झाल्या होत्या. वर तरंगलेलं तेल परातीत काढलं होतं. निवता निवता ते मेणासारखं घट्ट होत होतं.

ह्या तेलासाठी चार गावांतल्या बाया काकीकडे शिकायला यायच्या. कोणाला ती शिकवायची. कोणाला सरळ हाकलायची.

"मला नाही मोजता येत गो," काकी म्हणाली. "तूच सांग."

हेमांगीला तेच हवं होतं. शहरातल्या दवाखान्यात ती आहार सांगायची. तिथे माणसं तिच्यापुढे वह्या उघडून बसत.

"द्राक्षाच्या बियांचं तेल पातळ. जर्दाळूच्या बियांचंही तसंच. आंब्याच्या कोयीचं गोठतं आणि तुमचं हेही गोठतं. चमचाभर घेतलं की पंचेचाळीस उष्मांक. कोणतंही घ्या, ताकद तेवढीच. बाकीचे गुण मात्र वेगवेगळे."

"अगो बाई. बरंच ठाऊक आहे तुला. आणि देतेस कोणाला हे सगळं?"

हेमांगीने मागे पाहिलं.

अंगणात खुर्चीवर तिचे वडील बसले होते. नाना. चार महिन्यांपूर्वी अंगाची उजवी बाजू गेली, बोलणंही गेल्यासारखंच झालं. गिळायला काही अडचण नाही, असं डॉक्टर सांगत होते. पण नाना दोन घासांपुढे तोंडच उघडत नव्हते. सोमवारी वजन करायचं होतं. आणखी उतरलं तर नाकातून नळी.

"म्हणून आले," ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "सगळी तेलं देऊन झाली, काकी. एवढंच राहिलंय."

"भरवतं कोण?"

"मीच. दिवसातून तीनदा. मोजून."

"डावा हात धड आहे ना त्यांचा?"

"आहे. पण सांडतात हो. मग पोटात किती गेलं ते कळत नाही."

"हं. आणि ही तुझी तेलं चवीला कशी असतात?"

"मी... चाखली नाहीत."

काकी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं हेमांगीला वाटलं.

काकीने परात उचलली, अंगणात नेली आणि नानांच्या मांडीवर ठेवली.

"भाऊ, माझी बोटं आखडली आहेत आज. एवढे गोळे वळून द्या."

"काकी, त्यांना नाही जमायचं!"

"तुला सांगितलं का मी?"

नाना परातीकडे बघत राहिले...

मग डावा हात उठला.

पहिला गोळा मुठीतच फुटला. दुसरा झाला, पण वाकडा. हेमांगी पुढे धावली. काकीने तिची ओढणी धरली आणि तिला पायरीवर बसवलं. चांगली आपटूनच बसवली.

तिसरा गोळा जमला. त्यावर चारी बोटं उमटली होती. नानांनी तो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

हाताच्या उबेने तेल पाघळलं. तळव्यावरून मनगटाकडे ओघळायला लागलं. नानांनी हात वर केला आणि चाटला.

तोंड वाकडं केलं.

"मीठ," ते म्हणाले.

हेमांगीने तोंडावर हात दाबला. चार महिन्यांत ह्या माणसाने काही मागितलं नव्हतं.

काकी आत गेली. वाडग्यात गरम पेज आणली, वर मीठ घातलं. नानांचा वाकडा गोळा उचलून त्यातला एक तुकडा आत टाकला. तेल विरघळलं, पेजेवर पिवळट ठिपके फिरायला लागले. वाडगा तिने नानांच्या डाव्या हाताशी ठेवला आणि बाजूला झाली.

नानांनी वाडगा उचलला. थोडी पेज सदऱ्यावर गेली, थोडी हनुवटीवरून खाली आली. ते थांबले, दम घेतला आणि परत वाडगा तोंडाला लावला.

"निम्मी सांडली," हेमांगी म्हणाली. ती रडत होती.

"हो. सांडली."

"काकी, मला नीट सांगा. हा गुण तेलाचा की हाताचा? की मिठाचा? मी लिहून घेते."

काकीने पेजेचा दुसरा वाडगा आणला, त्यातही तेलाचा तुकडा टाकला आणि तिच्यापुढे ठेवला.

"पेज निवतेय."