खांदेमळणीच्या वशाची कहाणी

ऐका बैलाच्या खांद्या, तुमची कहाणी. आटपाट नगराच्या वेशीबाहेर एक वस्ती होती. तिथं हौसा नावाची बाई कोरडवाहू रान कसत होती. तिला एक लेक, येसू, आणि दावणीला एक बैल, पवळ्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, आईनं येसूच्या हाती हळद-लोणी दिलं. "आई, याचा वसा काय?"

"जू घासतं तो खांदा मळावा. मळताना वर्षभर बैलाला काय काय दुखवलं ते खरं सांगावं. गाळू नये, गोड करू नये."

येसू सांगू लागली. "पवळ्या, चैतात तुला पराणी टोचली. आषाढात तहानेला जुंपला. काल तुझी पेंड मी सांडली न् मांजरावर घातलं."

आई म्हणाली, "मांजराचीबी माफी माग, भवाने."

अशी वर्षं गेली. येसू चार बुकं शिकली, सांगायचं ते लिहू लागली. ते नगराच्या राणीच्या कानी गेलं, तिनं येसूला गोष्टी लिहायला वाड्यात नेलं.

पहिली गोष्ट लिहिली गारपिटीची. राणी म्हणाली, "पीक वाचव की गं." येसूनं वाचवलं. दुसरी लिहिली तहानेल्या बैलाची. "त्याला पाणी पाज की गं." येसूनं पाजलं. मग घरून निरोप आला, पवळ्या औताखाली मेला. तिसरी लिहिली त्याची. "सणाच्या तोंडावर बैल मारतेस? जगव त्याला." येसूनं जगवला. राणीनं शालू दिला. येसू घरी गेली नाही.

मग काय झालं? वसा मोडला. शब्द पोचट निघू लागले. राणी कंटाळली, तिनं येसूला घालवून दिलं.

येसू घरी आली तो खांदेमळणीचा दिवस. दावण रिकामी. "आई, औत कोण ओढतं?" आई चुलीकडं वळली. पदर सरकला. खांद्यावर जुवाचा घट्टा, खाली जखम चिघळलेली.

येसूनं हळद-लोणी आणलं. मळता मळता सांगू लागली. "आई, तू जुवाखाली होतीस, तेव्हा मी पवळ्याला जगवत होते. माझं कौतुक झालं. मी पोटभर जेवले." काही गाळलं नाही. मग विचारलं, "माफ केलंस का गं?"

आई म्हणाली, "बैलाला कधी विचारलंस का?" मग म्हणाली, "हळू चोळ. उद्या हे लिही. माझं नाव घालून लिही."

तिसऱ्या दिवशी त्या जखमेनं आई गेली. येसूनं नाव घालून लिहिलं. शब्द दाण्यासारखे भरले. पण ज्या माउलीचं नाव होतं, तिला वाचून दाखवता आलं नाही.

बैलाच्या खांद्या, येसूला खरे शब्द मिळाले तसे तुम्हां-आम्हां मिळोत. ऐकणारं माणूस घरात आहे तोवर मिळोत. ही पुष्कळ बोलांची कहाणी थोडक्या बोलांत पुरी झाली.