डोंगराची मुद्रा

"चिकण्याच्या जागी पेटारी दिलीस तू! म्हणून महाराजांचा गुडघा अजून धरलेला आहे," राजवैद्य त्र्यंबकशास्त्री भर दरबारात कडाडले.

समोर तुळजा उभी होती. खांद्याला झोळी, पायाला डोंगराची माती. रानातली औषधं आणून विकणं हे तिचं काम. चिकणा आणि पेटारी ही दोन्ही पिवळ्या फुलांची झुडपं, पण तिला ती सख्ख्या भाच्यांसारखी ओळखीची.

"चिकणाच दिला होता, महाराज," ती म्हणाली.

राजा मानाजीराव हट्टासाठी प्रसिद्ध. त्याने माळ्याला कानात काहीतरी सांगितलं. थोड्या वेळाने माळी पाण्याचे दोन तांबे घेऊन आला. दोन्हींत एकेक डहाळी. पानं ओरबाडलेली, फुलं-फळं खुडलेली. शेंड्याला उमलायला आलेल्या कळ्या तेवढ्या राहिलेल्या.

"सांग, चिकणा कुठला? हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही. सूर्य मावळेपर्यंत सांगितलं नाहीस, तर उद्यापासून औषधवाल्यांना डोंगर बंद."

त्या डोंगरावर तुळजाच्या वाडीतली वीस घरं जगत होती. तिने डहाळ्यांकडे पाहिलं, मग खिडकीतून उन्हाकडे पाहिलं, आणि खांबाला टेकून खाली बसली.

"हे काय?" राजा म्हणाला.

"साक्षीदारांची तोंडं आपणच बंद केलीत, महाराज. ती उघडेपर्यंत बसते. तोवर एक विचारू? चिकण्याचं तेल गुडघ्याला रोज चोळता ना?"

राजाने घसा खाकरला. "एकदा चोळलं. वास फार येतो त्याला."

शास्त्रीबुवा एकदम छताची नक्षी पाहू लागले.

ऊन चढलं तशा डाव्या तांब्यातल्या कळ्या उमलल्या. राजा पुढे सरकला. "आता बोल."

"एकाचं ऐकलं, महाराज. दुसऱ्याचंही ऐकायला नको? आपण जेवून या."

राजा जेवला, वामकुक्षी झाली, जांभई देत परत आला. तोवर डावी फुलं मिटून गेली होती आणि उजव्या तांब्यात पिवळीजर्द फुलं उघडली होती.

तुळजा उठली. "डावा चिकणा. तो सकाळी फुलतो आणि दुपार कलायच्या आत मिटतो. उजवी पेटारी. ही बहुतेक राजघराण्यातली असावी. वामकुक्षी झाल्याशिवाय डोळा उघडत नाही."

माळ्याने मान डोलावली. दरबाऱ्यांनी हसू उपरण्यात लपवलं. राजाच्या मिशा हलल्या, पण हट्ट सुटेना.

"आणि फुलं नसतील तेव्हा?"

"तेव्हा फळं बघायची." तुळजाने झोळीतून दोन वाळकी फळं काढून तळहातावर धरली. एक इवलंसं, वाळल्या वाटीत दडून बसलेलं. "हा चिकणा, लाजाळू." दुसरं अंगरख्याच्या गुंडीएवढं, गोल, चाकासारख्या आऱ्यांचं. "ही पेटारी. आंधळ्यालाही बोटांनी कळेल. शास्त्रीबुवा, बघा चाचपून."

शास्त्रीबुवांनी चाचपलं आणि फळं हळूच तिच्या तळहातावर परत ठेवली.

"बरं, डोंगर मोकळा," राजा म्हणाला.

"लिहून द्या, महाराज. उद्या चौकीवरचा शिपाई माझ्या तोंडाकडे बघून थोडाच सोडणार?"

कारकुनाने हुकूम लिहिला. तेवढ्यात राजाच्या डोळ्यांत मिश्कील चमक आली. "पण मुद्रेशिवाय हुकूम चालत नाही. आणि मुद्रा सांभाळणारे चिटणीस ती घेऊन गेलेत सासुरवाडीला, मेव्हणीच्या लग्नाला. या महिन्यात येतात की पुढच्या, देव जाणे."

तुळजाने क्षणभर विचार केला. मग पेटारीचं फळ कारकुनाच्या दौतीत टेकवलं आणि कागदावर दाबून उचललं. हुकुमाखाली काळं, रेखीव, आऱ्यांचं चक्र उमटलं.

"आमच्या वाडीत पेटारीला मुद्राच म्हणतात, महाराज," ती म्हणाली. "आपली मुद्रा लग्नाचे लाडू खाऊन येईपर्यंत डोंगराची चालवून घ्या."

राजा इतका हसला, की दुखरा गुडघा धरून त्याला सिंहासनावरच वाकावं लागलं. चिटणीस आठवड्याने परतले, तेव्हा राजाने त्यांना त्या हुकुमावर दुसरी मुद्रा उठवू दिली नाही. तुळजाला जरीकाठी लुगडं मिळालं आणि राजवैद्यांच्या कोठीत येणारी प्रत्येक जुडी तपासायचा मानही. राजाच्या पायाला मात्र ती रोज तेल चोळवून घेऊ लागली, वास येवो की न येवो.