सरदारांनी पिल्लाला लावलेली शिस्त

कुसुंबगडच्या राणी हंसावतीने पाळलेलं कुत्र्याचं पिल्लू जेमतेम ओंजळीत मावेल एवढं होतं, पण दिसेल त्या पायाला चावायचं. शेवटी दरबारी मंडळी पायांत पितळी तांबे अडकवून मुजऱ्याला येऊ लागली. त्या खणखणाटात राजाला कोणाचीच फिर्याद ऐकू येईना.

सरदार रणधुमाळे गरजले, "महाराज, पिल्लू माझ्या ताब्यात द्या. ते चावलं की मी त्याला उलट चावेन. धाक हवा, धाक!"

"नको हो," राणी कळवळून म्हणाली. "ते चावलं की मी खेळ थांबवते आणि पाठ फिरवते. दात आवरले की पुन्हा खेळायला घेते. हळूहळू शिकतंय ते."

"चावणाऱ्याला पाठ दाखवायची?" सरदार खो खो हसले. राजालाही ते पटलं. राणीने डोळे पुसत पिल्लू त्यांच्या हाती दिलं.

महिन्याभराने सरदार नाकाला पट्टी बांधून दरबारात आले. पिल्लाने त्यांची पोटरी धरली. सरदार गुरगुरत चार पायांवर आले आणि त्याच्या शेपटीमागे थेट सिंहासनाखाली घुसले.

राजाने घाईघाईने पाय वर घेतले. "राणीसाहेब, ही कसली शिस्त?"

"शिकवणी वाया गेली नाही, महाराज," राणी म्हणाली. "पूर्वी दरबारात एकच जण चावायचा, आता दोघं चावतात."

"मग दोघांनाही तुम्हीच सुधारा!"

राणीने पिल्लू उचलून पदराखाली घेतलं. "याला नेते. हे अजून लहान आहे, सुधारेल."