गळ्याचं माप

“आणि अकरा वर्षं कुठं व्हतास, असं इच्चारलं तर?”

मायाप्पानं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं.

कासमचाचांनी सुईत दोरा ओवला. डोळे अधू झाले होते, पण हा दोरा ते दुसऱ्या कुणाला ओवू देत नसत.

“न्हाई इच्चारणार. मी सांगून टाकलंय बाबर टेलरला.”

“काय सांगितलं?”

“जेलात व्हता म्हणून.”

मायाप्पा ताडकन उठला. ओट्यावरून खाली उतरला, चार पावलं गेला, आणि कुठं जायचं ते न सुचल्यानं परत येऊन उभा राहिला.

गावाबाहेरच्या दर्ग्याच्या ओट्यावर चाचा दिवसभर कबरीवर चढवायचे गलेफ शिवत बसायचे. तरुणपणी ते स्वतः सात वर्षं आत राहून आले होते. कशासाठी, ते कुणी विचारत नसे. पुढं तीस वर्षं त्यांनी बाजारात शिलाईचं दुकान चालवलं. आता सुटून आलेली माणसं त्यांच्याकडं येत. काम कसं मागायचं, मालकासमोर कसं उभं राहायचं, काय बोलायचं, काय नाही, हे चाचा त्यांना शिकवत. फार थोडं बोलून शिकवत, त्यामुळं पुष्कळजण वैतागून निघूनही जात.

मायाप्पा दुधाळ वैतागला होता, पण गेला नव्हता. त्याला जायला जागाच नव्हती. आई त्याच्या बहिणीकडं राहत होती. सुटल्यावर मामाकडून तिनं एकच निरोप धाडला होता. कामाला लागला असंल तरच ये म्हणावं.

“आता बाबर मला दारात तरी उभा करंल का?”

“सोमवारपासनं ये म्हणालाय.”

मायाप्पाला ते खरं वाटेना. “जेलाचं ऐकूनबी?”

“ऐकूनबी. त्येनं एकच इच्चारलं. माप घेता येतंय का?”

मायाप्पानं तोंड फिरवलं.

गेल्या बुधवारी तो बाबरच्याच दुकानात काम मागायला गेला होता. बाबरनं त्याला मशीनवर बसवून पाहिलं. मायाप्पानं तासाभरात असा शर्ट शिवून दिला, की बाकीचे कारागीर मान वर करून बघत राहिले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. बाबर म्हणाला, जरा यांचं माप लिहून घे.

मायाप्पा उठला. त्यानं टेप हातात घेतला, गिऱ्हाइकाकडं एकदा बघितलं, टेप खाली ठेवला आणि वहीत लिहिलं... मधला.

तुरुंगात कैद्यांचे कपडे तीनच मापांचे असतात. लहान, मधला, मोठा. अंगाला टेप कुणी लावत नाही. माणूस बघायचा आणि ठरवायचं.

दुकानात हशा पिकला. गिऱ्हाईकही हसलं. मायाप्पानं वही मिटली आणि तो चालू लागला.

“हसली माणसं,” तो आता म्हणाला. “आत मला मास्तर म्हणायची. चाळीस माणसं माझ्या हाताखाली शिकली. साहेब लोक सोताची कापडं माझ्याकडं द्यायचे. आणि ह्यो बाबर, त्येच्या दुकानात धड काज करता येईना एकाला...”

“व्हय.”

“मला मशीनवर बसवा म्हणावं. माप दुसरं कुणीबी घिऊ दे.”

“मशीनवर तीन माणसं हाईत त्येच्याकडं. त्येला माप घेणारा पायजे.”

“मग ऱ्हाऊ दे. आत बरं व्हतं. परत गेलेलं काय वाईट?”

माणूस पडला की त्याची ऐट आधी मरते, असं आपण समजतो. तसं काही नसतं. सगळं गेल्यावर तीच तेवढी उरते, आणि तिला धरून माणूस बसतो. मला मायाप्पाचा राग येत नाही. त्याच्याकडं दुसरं होतं काय?

चाचांनी गलेफ बाजूला ठेवला. गुडघ्यावर हात देऊन ते उभे राहिले आणि गळ्यातला टेप काढून त्यांनी मायाप्पापुढं धरला.

“माझं घे.”

“काय?”

“शर्टाचं माप. घे.”

मायाप्पानं टेप घेतला, आणि मग चाचाही बघत राहिले. अकरा वर्षं कुणाच्या अंगाला टेप न लावलेला माणूस हा! उंची घेतली. शोल्डर घेतलं. बाही, छाती, कंबर... बोटं कशी सरसर फिरत होती. प्रत्येक आकडा तो तोंडानं म्हणत होता. तुरुंगात जायच्या आधी त्याचं स्वतःचं दुकान होतं, ते त्या हातांत अजून शाबूत होतं.

मग त्यानं टेप गुंडाळला.

“झालं.”

“गळा ऱ्हायला.”

“ते लिवतो अंदाजानं. पंधरा.”

“अंदाजानं न्हाई.”

...

“गळ्याचं माप कसं घेत्यात?” चाचांनी विचारलं.

“ठाऊक हाय मला.”

“सांग की मग.”

“टेप मानंभोवती घ्यायचा. आवळायचा. आत दोन बोटं ऱ्हातील, तितं थांबायचं.” पाठ केलेलं म्हणावं तसं तो म्हणाला. त्याचा आवाज उतरत गेला.

“घे मग.”

मायाप्पा ओट्याच्या कडेला खाली बसला.

“चाचा, त्या दिवशी मला मधला लिवायचं नव्हतं. टेप हातात घेतला व्हता मी. गिऱ्हाईक म्होरं आलं, त्येनं मान वर केली... आणि मला दिसंना झालं.”

मायाप्पानं टेपाची गुंडाळी सोडली, परत गुंडाळली.

“बिरू माझ्या पाठचा. त्येच्या लग्नाचा शर्ट मी शिवला. साडेचौदा गळा. आजबी पाठ हाय.” तो थांबला. “लग्नाला साल झालं नव्हतं. त्येनं मला न इच्चारता माझी मशीन इकली. मी जाब इच्चारला, तर हसला. मी शर्टाला धरलं. मारायचं नव्हतं, चाचा... मग गळ्याला धरलं.”

दर्ग्याच्या झाडावरून पानं पडत होती. दोघांपैकी कुणीच त्यांच्याकडं पाहिलं नाही.

“आई तितंच व्हती. सोड, सोड म्हणत व्हती. पाठीवर मारत व्हती माझ्या. मला सगळं ऐकू येत व्हतं. हातास्नी कळलंच न्हाई.”

तो रडला नाही. इतक्या वर्षांत ते आटलंच असावं. नुसते दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवून बसला.

चाचांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. झालं गेलं विसर, असं म्हणाले नाहीत. असं म्हणणारी माणसं मायाप्पाला खूप भेटली होती, आणि ती परत कधी दिसली नव्हती.

चाचांनी अंगातल्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं. मग त्याच्या खालचं. हनुवटी वर केली आणि डोळे मिटले.

म्हाताऱ्याचा गळा तो. कातडी लोंबलेली. आवंढा गिळला की घाटी वर जायची आणि खाली यायची.

“घे.”

“न्हाई जमणार.”

“सोमवारी बाबरच्या दुकानात गिऱ्हाईक येणार. ते असंच उभं ऱ्हाणार.”

“दुसरं काम बघा माझ्यासाठी. हमाली बघा. काय बी बघा.”

“तुला हेच येतंय.”

...

मायाप्पा उठला. बऱ्याच वेळानं उठला. चाचा तसेच उभे होते, मान वर करून.

“चाचा, तुमास्नी भ्या न्हाई वाटत माझं?”

“वाटतंय.”

मायाप्पा चमकला. इतक्या दिवसांत हे कुणी त्याच्या तोंडावर सांगितलं नव्हतं. लोक हसून बोलत, आणि बोलता बोलता पोरांना आत पाठवत.

“मग... कशाला उभं ऱ्हायलाय?”

“गिऱ्हाइकाला ठाऊक नसणार. मला ठाऊक हाय. म्हणून आधी माझं घ्यायचं.”

मायाप्पानं टेप उलगडला. त्याच्या हाताला घाम आला होता, तो त्यानं विजारीला पुसला. पुन्हा पुसला. मग पाठीमागून टेप आणला आणि दोन्ही बाजू म्हाताऱ्याच्या घाटीपाशी जुळवल्या.



“किती?”

“अठरा.”

अठराची कॉलर चाचांच्या गळ्यात नुसती लोंबली असती. टेप मानेला कुठंच टेकला नव्हता. मायाप्पानं तो हवेतच धरला होता.

“अठरा लिवू?” त्यानं विचारलं. त्याच्या आवाजात विनवणी होती. लिव म्हणा आणि सोडवा मला, अशी.

चाचांनी डोळे उघडले नाहीत. मान खाली केली नाही. दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.

“लई सैल झालं,” ते म्हणाले. “आवळ. मी थांब म्हणणार न्हाई.”