पंख्याची घरघर

वस्तू आपापसात बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. शरयू उकिडवे नावाच्या लेखिकेकडे एक लॅपटॉप होता. रोज सकाळी तिची बोटं त्याच्यावर फिरू लागली की त्याला जगात दुसरं काही नको असे.

एकदा त्याच्या आतला पंखा घरघरू लागला. चार्जर म्हणाला, "तिला ऐकू जाऊ दे. वॉरंटी आहे तोवर कंपनी नवा पंखा बसवून देईल."

"म्हणजे मला तिच्यापासून दूर नेतील! तिच्याशिवाय मी कसा राहू?"

"थोडे दिवस राहशील. पण मुदत उलटली, तर कायमचं राहावं लागेल."

लॅपटॉपने ऐकलं नाही. शरयू समोर बसली की तो पंखा दाबून धरी. आतल्या आत ताप वाढत जाई.

"काय रे, इतका का तापतोस? दाखवून आणू का तुला?" एकदा तिने विचारलं. त्याने गार पडल्याचं सोंग केलं, आणि तीही कामात विसरली.

वॉरंटी संपली. पुढे एका दुपारी त्याचा पडदा काळा झाला, तो कायमचाच. दुरुस्तीवाला म्हणाला, "आतलं सगळं जळलंय, ताई. आता नवाच घ्या."

शरयूला तो टाकून देववेना. तिने त्याला कपाटात ठेवलं. तिथून त्याला नव्या लॅपटॉपवर चालणारी तिची बोटं ऐकू येतात. मध्येच ती एखाद्या शब्दाशी अडते. तो शब्द त्याला ठाऊक असतो.