एकमताचा ठराव

"मग त्या दिवशी वर गेलेले हात काय खोटे होते, बुवा?"

हेमराज तणतणत आश्रमाच्या ओट्यावर आला. त्याच्या अंगाला धुराचा वास येत होता.

मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून गावातल्या बाया झाडाखालचा पाचोळा पेटवून देत आणि त्या विस्तवानं दरसाल रान होरपळत असे. हेमराज हा आश्रमातल्या डोमाजीबुवांचा शिष्य, वकिली शिकलेला. त्यानं ग्रामसभेसाठी झकास ठराव लिहिला : मोहाखाली आग लावायची नाही, लावली तर दंड. बुवांनी विचारताच अख्ख्या गावानं हात वर केले. हेमराजचे पाय जमिनीवर ठरेनात.

आणि आज रानात पुन्हा धूर.

"दंड दुप्पट करतो," तो म्हणाला. "कायद्यात खोट नाही. गावच बेइमान आहे."

बुवा गालातल्या गालात हसले.

"सभा बोलाव."

गाव जमलं. बुवा उठले, खाकरले.

"हा डोमाजी गाढव आहे, हे ज्यांना मंजूर असेल त्यांनी हात वर करा!"

सटासट हात वर गेले. बुवांनी म्हणावं आणि गावानं हात वर करावा, ही तिथली जुनी रीत. हेमराजचाही हात वर होता.

…

मग कुणीतरी फिसकन हसलं. आणि सारं गाव पोट धरधरून हसत सुटलं. सगळ्यांत मोठ्यानं बुवाच हसत होते.

"एकमतानं मंजूर!" ते डोळे पुसत म्हणाले. "आता कोणाला काही बोलायचंय?"

मागून सायत्राबाई उठली.

"मले बोलाचं हाय. तुमी गाढव नाही, बुवा. गाढव त हेमराजचा कायदा हाय! आग नाही लावली त पाचोळ्यात फूल दिसन कसं? अन् साप निघाला त?"

"मग तेव्हा का नाही बोललीस, काकू?" हेमराज उसळला.

"तवा इचारलं कोनं? हात वर करा म्हनलं, केला."

ती बुवांकडे वळली. "केलेला कायदा बदलाले येते का, बुवा?"

"करणारे तुम्हीच. बदलायला काय पाहुणे बोलवायचे?"

झालं! बांध फुटला. कुणी म्हणालं, झाडाखाली जुनी लुगडी अंथरा. "नेसू का अंथरू?" दुसरीनं फटकारलं. कुणी म्हणालं, फुलं गळायच्या आधी सगळ्यांनी मिळून पाचोळा झाडू. "पुरुषबी झाडतीन का?" पुरुष एकमेकांची तोंडं बघू लागले. हेमराजच्या ठरावाची एकेक ओळ खोडली जात होती. त्याला राग यायला हवा होता. पण त्याला मौज वाटत होती. इतका आनंद त्याला तो ठराव लिहितानाही झाला नव्हता.

दिवस मावळता नवा ठराव उभा राहिला. आग नाही. पाचोळा सगळ्यांनी मिळून झाडायचा, पुरुषांनीसुद्धा. आग लावणाऱ्याला दंड नाही, त्यानं दुसऱ्याच्या झाडाखालीही झाडायचं. जमलं नाही तर पुन्हा बसून बोलायचं.

"मंजूर असेल त्यांनीच हात वर करा," हेमराज म्हणाला.

पुष्कळ हात वर गेले. सायत्राबाईनं आपला हात मांडीवरच ठेवला. तिच्या शेजारच्या दोघीतिघींनीही.

हेमराजचा चेहरा पडला. तो बुवांच्या कानाशी वाकला.

"बुवा, काही हात खालीच राहिले…"

बुवांनी खुशीत टाळी वाजवली.

"तेच हात जप, बाबा!"